दुकानातली लाल कोंबडी आणि शोमधली ऱ्होड आयलंड रेड

बाकीच्यांना संदर्भ कळावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही ओहायोत राहता. खाद्याच्या दुकानातून 'ऱ्होड आयलंड रेड' असं लिहिलेल्या खोक्यातली पिल्लं आणलीत, ती छान वाढली, रोज अंडी देतात. मुलीने फोर-एच या मुलांच्या संघटनेमधून त्यातली एक तलंग, म्हणजे वर्षाच्या आतली कोंबडी, काउंटी फेअरला नेली, तर परीक्षकांनी ती सगळ्यात खाली ठेवली आणि 'ही प्रॉडक्शन रेड आहे' एवढंच सांगितलं. गावी तुमच्या आजीकडेही आर.आय.आर., म्हणजे ऱ्होड आयलंड रेडच, होत्या आणि त्याही अशाच दिसायच्या, म्हणून तुम्ही बुचकळ्यात पडलात. आता मुलीला खऱ्या हेरिटेज ऱ्होड आयलंड रेडची पैदास करून शोला उतरायचंय. सुरुवात कुठून करायची आणि घरात आहेत त्या कोंबड्यांचं काय करायचं, असं तुम्ही विचारलंय.

परीक्षकांचं काही चुकलं नाही. दुकानात मिळतो तो पक्षी जास्तीत जास्त अंड्यांसाठी निवडत आणलेला असतो. अंगाने हलका, रंगाने फिकट विटकरी, पाठ आखूड, शेपूट उभी. शोमधली ऱ्होड आयलंड रेड बाजूने बघितली तर लांबट आयत दिसतो. पाठ लांब आणि जमिनीला समांतर, छाती भरलेली, शेपूट बेताची उचललेली, रंग इतका गडद की ढगाळ दिवशी लांबून जवळपास काळपट चॉकलेटी वाटतो आणि उन्हात आल्यावर लाल चमकतो. अमेरिकन पोल्ट्री असोसिएशनच्या स्टँडर्डप्रमाणे, म्हणजे मान्य जातींची वर्णनं असलेल्या त्यांच्या ग्रंथाप्रमाणे, पूर्ण वाढलेल्या कोंबड्याचं वजन साडेआठ पौंड, म्हणजे सुमारे 3.9 किलो, आणि कोंबडीचं साडेसहा पौंड, म्हणजे सुमारे 2.9 किलो. वर्षाच्या आतला नर साडेसात पौंड, तलंग साडेपाच. तुमच्या तलंगा एकदा काट्यावर ठेवून बघा.

आजीकडच्या कोंबड्यांचंही तेच. महाराष्ट्रात सरकारी अंडी उबवणी केंद्रांनी परसातल्या कुक्कुटपालनासाठी जे पक्षी वाटले, ते अंड्यांसाठी निवडलेल्या वाणाचे होते. त्या कामासाठी ते योग्यच होते. नाव एक असलं तरी मागची निवड वेगळी होती.

या जातीची गोष्ट तुमच्या मुलीला जरूर सांगा, कारण पैदास करताना काय जपायचं ते त्यातून कळतं. ऱ्होड आयलंडमधलं लिटल कॉम्प्टन आणि त्याला लागून असलेला मॅसॅच्युसेट्सचा वेस्टपोर्ट, हा तिचा मूळ भाग. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथल्या शेतकऱ्यांनी जहाजांवरून येणाऱ्या आशियाई कोंबड्यांशी, मुख्यतः लाल मलय आणि शांघाय जातींशी, आपल्या गावठी कोंबड्यांचा संकर केला. कॅप्टन विल्यम ट्रिप यांचं नाव त्यात पहिलं घेतलं जातं. एकेरी तुऱ्याच्या वाणाला 1904 साली स्टँडर्डमध्ये जागा मिळाली. 1925 मध्ये ॲडम्सव्हिल गावात या कोंबडीचं स्मारक उभं राहिलं आणि 1954 मध्ये ती राज्यपक्षी झाली. थंडी, वारा, कमी खाद्य सोसून अंडीही देणारी आणि ताटातही चालणारी अशी ती शेतकऱ्याची कोंबडी होती. शोसाठी पैदास करताना हे विसरलं की जात बिघडते.

तसं ते झालंही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोच्या मंडळींना गडद रंगाचं इतकं वेड लागलं की रंगापायी पिसं बारीक, दोऱ्यासारखी झाली, वाढ मंदावली, अंडी घटली. दुसरीकडे न्यू हॅम्पशायरमधल्या शेतकऱ्यांनी याच ऱ्होड आयलंड रेड घेतल्या आणि रंगाकडे फारसं लक्ष न देता लवकर वाढणारी, लवकर पिसं भरणारी, मांसल पिल्लं दरवर्षी मागे ठेवली. बाहेरचं रक्त घातल्याशिवाय, नुसत्या निवडीने तिथे वेगळी जात तयार झाली. 1935 साली न्यू हॅम्पशायर या नावाने तिला स्टँडर्डमध्ये मान्यता मिळाली. दरवर्षी तुम्ही कोणता पक्षी ठेवता आणि कोणता काढता, यावर तुमच्याकडची कोंबडी वीस वर्षांनी काय असेल ते ठरतं. बाकी सगळी तयारी, खाद्य, धुणं-पुसणं, त्यानंतर येतं.

हेरिटेज म्हणजे नेमकं काय, याची व्याख्या लाइव्हस्टॉक कॉन्झर्व्हन्सी या संस्थेने केलेली आहे. जात विसाव्या शतकाच्या मध्याआधी स्टँडर्डमध्ये आलेली असावी, पक्षी नैसर्गिक मिलनातून प्रजनन करणारा असावा, बाहेर मोकळ्यावर जगून कोंबडी पाच-सात वर्षं आणि कोंबडा तीन-पाच वर्षं उपयोगी राहावा, आणि वाढ सावकाश, म्हणजे विक्रीच्या वजनाला यायला निदान 16 आठवडे लागावेत. दुकानातली प्रॉडक्शन रेड यातल्या दीर्घायुष्याच्या आणि सावकाश वाढीच्या अटींवर अडते. याच कारणाने त्या संस्थेने आपल्या यादीत जुन्या ठेवणीच्या रेडची 'नॉन-इंडस्ट्रियल' अशी वेगळी नोंद ठेवली होती.

आता पक्षी कुठून आणायचे. मोठ्या हॅचरीच्या कॅटलॉगमध्ये 'हेरिटेज' शब्द दिसला तरी हुरळून जाऊ नका. शोला जा. नोव्हेंबरमध्ये कोलंबसला ओहायो नॅशनल भरतं, ते तुम्हाला जवळ. अमेरिकन क्लासच्या, म्हणजे अमेरिकन जातींच्या गटाच्या, रांगेत लार्ज फाउल (बुटक्या बँटम नव्हे, पूर्ण आकाराच्या) ऱ्होड आयलंड रेडचे पिंजरे शोधा, वरच्या जागांवर कोणाचे पक्षी आहेत ते कूप टॅगवर, म्हणजे पिंजऱ्यावरच्या चिठ्ठीवर, वाचा आणि परीक्षण संपल्यावर त्या माणसाशी बोला. हे लोक नव्या माणसाला, त्यातही लहान मुलीला, जीव लावून शिकवतात. पण नीट विचारा: ही लाईन, म्हणजे पिढ्यान्पिढ्या जपलेलं कूळ, किती वर्षं तुमच्याकडे आहे, मूळ कोणाकडून आली, त्यात शेवटचं बाहेरचं रक्त कधी घातलं, तिच्यात वारंवार दिसणारा दोष कोणता. जो ब्रीडर शेवटच्या प्रश्नाचं खरं उत्तर देतो, त्याच्याकडून पक्षी घ्या. दोष नसलेली लाईन मी तरी अजून बघितलेली नाही.

एकाच माणसाकडून घ्या. एक कोंबडा इथून, दोन कोंबड्या तिथून असं करू नका, हे अगदी आग्रहाने सांगतो. दोन वेगवेगळ्या लाईन, दोन्ही उत्तम असल्या तरी, एकत्र केल्या की पहिल्या पिढीत कधी कधी झकास दिसणारी पिल्लं येतात आणि दुसऱ्या पिढीत सगळं विस्कटतं: तुऱ्याला सहा-सात दाते, पायावर पिसांची खुंटं, पाठीत खळगा, रंगाचे दहा प्रकार. दोन्हीकडच्या लोकांनी वर्षानुवर्षं दाबून ठेवलेले दोष एकदम वर येतात. आणि जात एकच धरा. पहिल्या वर्षी बाकी कोणाचे सुंदर बार्ड प्लायमाउथ रॉक आणि लाइट ब्रह्मा बघून हात शिवशिवतील. त्या प्रत्येकीसाठी वेगळी जागा, वेगळी पिल्लं, वेगळी निवड लागते. बार्ड रॉकमध्ये तर पट्ट्यांचं जनुक लिंगाशी जोडलेलं. नरात त्याचे दोन डोस, मादीत एकच, म्हणून नर मुळातच फिका दिसतो. शोला दोघं सारख्या छटेचे हवेत, म्हणून जुने ब्रीडर नरांसाठी एक आणि माद्यांसाठी दुसरी अशा दोन वेगळ्या लाईन सांभाळायचे. नवख्याने तिथून सुरुवात करू नये.

एक नर आणि दोन माद्या, याला इथे ट्रायो म्हणतात, सुरुवातीला पुरेसा. उबवणीची अंडी पोस्टाने मागवता येतात आणि स्वस्तही पडतात, पण वाटेत हादरे बसून हवेची पोकळी सुटते आणि उबवण कमी होते. शक्य असेल तर वाढलेले पक्षी घ्या. डोळ्यासमोर निवडून दिलेल्या ट्रायोबरोबर ब्रीडरचं शिक्षणही मिळतं.

आता पैदाशीचं गणित. लार्ज फाउलला सावकाश भरायला आठ-दहा महिने लागतात. शो सुरू होतात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. म्हणून पिल्लं फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुरुवातीला निघाली पाहिजेत, आणि त्यासाठी डिसेंबरअखेरपासून खुराड्यात दिवा लावून उजेड हळूहळू 14 तासांवर न्यायचा. नरालाही तो उजेड लागतो. ओहायोच्या थंडीत एकेरी मोठ्या तुऱ्याला हिमबाधा होते, टोकं काळी पडतात, आणि त्या काळात नराची फलनक्षमताही खाली येते. खुराडं गरम करायच्या मागे लागू नका. ते कोरडं ठेवा आणि वरून हवा खेळती ठेवा, कारण बाधा होते ती कोंडलेल्या दमटपणाने. तुऱ्याला व्हॅसलिन लावलं तर थोडा आधार मिळतो.

कोंबडीच्या शरीरात नराचं बीज दोन आठवडे आणि कधी त्याहून थोडं जास्त टिकतं. म्हणून नर बदलला तर निदान तीन आठवडे जाऊ द्या, नाहीतर पिल्लं कोणाची ते सांगता येणार नाही. अंडी 13 ते 16 अंश सेल्सियसला, टोकाची बाजू खाली करून, आठ-दहा दिवसांपर्यंत ठेवता येतात. पंख्याच्या इन्क्युबेटरमध्ये 37.5 अंश, 21 दिवस. एखादी कोंबडी खुडूक झाली तर तिला रवणावर बसवायला हरकत नाही, पण थोड्या अंड्यांवर तुमची निवड होणार नाही. आकडा लागतो. दरवर्षी निदान पन्नास पिल्लं, जमलं तर शंभर. त्यातून मागे राहतील दोन-तीन नर आणि सहा-सात तलंगा.

बाकीच्यांचं काय, हा प्रश्न तुमच्या मनात येणार आणि मुलीच्याही. तिच्याशी आधीच मोकळेपणाने बोला. हेरिटेज जाती टिकल्या त्या लोकांनी खाल्ल्या म्हणून. जास्तीचे नर साधारण पाच महिन्यांचे झाले की कापायला तयार होतात. मांस घट्ट असतं, सावकाश शिजवावं लागतं. इथे गावठी कोंबडीच्या रश्श्यासाठी झुरणारी आपली किती मंडळी आहेत ते तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्याकडच्या नरांना गिऱ्हाईक शोधावं लागणार नाही. चांगल्या पण शोला न लागणाऱ्या तलंगा परसात अंड्यांसाठी कोणाला तरी द्या, मात्र 'शो लाईन' म्हणून विकू नका.

निवड एकदम करायची नसते. पहिल्या दिवशी वाकडी बोटं, वाकडी चोच, अशक्त पिल्लं बाजूला. आठव्या आठवड्यात वाढीचा वेग बघा, कारण त्या वयात मागे पडलेलं पिल्लू पुढे क्वचितच भरून काढतं. सोळाव्या आठवड्यात सांगाडा. शेवटची निवड आठ महिन्यांच्या आसपास, पूर्ण पिसं आल्यावर. आणि कृपा करून रंगावरून लवकर निवडू नका. या लाईनना पिसं सावकाश येतात, नर तर महिनोन्महिने अर्धवट उघडे, बेढब दिसतात. पुढे सगळ्यात उत्तम निघणारा नर चौथ्या महिन्यात बहुधा कळपात सगळ्यात कुरूप असतो.

हातात घेऊन बघायचं कसं, ते नीट सांगतो. डावा तळहात पक्ष्याच्या छातीखाली, पाय बोटांच्या मध्ये, डोकं तुमच्याकडे. उजव्या हाताने अंगठा आणि मधलं बोट ताणून खांद्यापाशी पाठ मोजा, मग तसाच हात मागे सरकवत शेपटीच्या बुडापर्यंत न्या. पाठ मागे निमुळती होत गेली तर बोटं आपोआप जवळ येतात. रेडमध्ये ती जवळ यायला नकोत, रुंदी शेवटपर्यंत टिकली पाहिजे. मग छातीचं हाड: लांब आणि सरळ, चिमटीत धरून टोकापर्यंत जा, वळण किंवा खाच असेल तर लगेच लागते. कोंबडीत कटीच्या दोन हाडांमधलं अंतर बोटांनी बघा. अंड्यावरच्या मादीत तीन बोटं आरामात बसतात, हाडांची टोकं पातळ आणि लवचीक लागतात. छातीच्या हाडापासून त्या टोकांपर्यंतचं पोट खोल आणि मऊ असावं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वॉल्टर होगन यांनी अंड्यांची क्षमता अशी हाताने तपासायची पद्धत बसवली, आणि ओहायोतच जन्मलेली बकाय जात सावरताना लाइव्हस्टॉक कॉन्झर्व्हन्सीने तीच वापरली.

मग पिसांकडे या. पाठीवरची पिसं उलटी फिरवून हलकी फुंकर मारा. आतला भाग थेट कातडीपर्यंत लाल हवा. बुडाशी राखाडी काजळी दिसली तर तो दोष, पण जपून. जुने ब्रीडर थोडी काजळी असलेला एखादा पक्षी मुद्दाम पैदाशीत ठेवतात, कारण सगळीकडून काळं काढत गेलात तर जिथे काळं हवं तिथूनही ते जातं. शेपूट काळी, हिरव्या झाकेची हवी. पंख उघडा: पुढच्या मोठ्या पिसांची वरची कड लाल आणि खालची काळी, मागच्या पिसांत याच्या उलट. पंख मिटला की काळं जवळजवळ दिसेनासं होतं. परीक्षक पंख उघडतातच, म्हणून तुम्हीही प्रत्येक निवडीत उघडा. मादीच्या मानेच्या खालच्या पिसांवर काळ्याचे किंचित ठिपके चालतात.

काही गोष्टी थेट बाद करणाऱ्या आहेत: तुऱ्याच्या बाजूला फुटलेलं जास्तीचं टोक, नडगीवर किंवा बोटांत पिसाचं खुंट, कायमची एका बाजूला वळलेली शेपूट, पंखात मधेच खिंड, बाहेरच्या पिसांत एखादं पूर्ण पांढरं पीस. यातली काही लोक उपटून, कातरून लपवतात. ते फेकिंग, म्हणजे फसवणूक, आहे, पकडलं तर पक्षी बाद होतो, आणि पकडलं नाही तर तो दोष तुमच्याच पुढच्या पिल्लांत उतरतो. मुलीला पहिल्याच दिवशी हे स्पष्ट सांगा.

इथल्या जुन्या लोकांची एक शिकवण आहे: आधी कोठार बांधा, मग रंगवा. म्हणजे पहिली काही वर्षं सांगाडा, वजन, पाठीची लांबी, जोम याच्यासाठी निवडा. रंग नंतर दोन-तीन पिढ्यांत सुधारतो. गेलेला आकार परत आणायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. माझा अनुभवही हेच सांगतो, आणि शोमध्ये चांगले परीक्षक आधी पिंजऱ्यापासून दोन पावलं मागे उभे राहून आकार बघतात, हात नंतर घालतात.

तीन पक्ष्यांपासून सुरू केलं तर रक्त जवळ येत जाणार, ही भीती रास्त आहे. पहिल्या दोन-तीन वर्षांसाठी सोपी पद्धत: मूळ कोंबडा त्याच्या उत्तम मुलींवर, आणि उत्तम तरुण नर मूळ माद्यांवर. मॅसॅच्युसेट्समधल्या नॅटिकचे आय. के. फेल्च यांनी एकोणिसाव्या शतकात लाइट ब्रह्मांच्या पैदाशीतून यासाठी तक्ता बसवला होता, तो आजही वापरात आहे. पुढे पक्षी वाढले की तीन कुळं पाडा. लाल, निळं, हिरवं अशी कड्यांची खूण ठेवा. मुली आईच्या कुळात राहतात, मुलगे पुढच्या कुळात जातात: लालचा निळ्यात, निळ्याचा हिरव्यात, हिरव्याचा लालमध्ये. भाऊ-बहिणीची जोडी कधी लागत नाही आणि निवड काटेकोर असेल तर अशी लाईन बाहेरचं रक्त न घेता खूप वर्षं चालते. उबवण घटू लागली, पिल्लं मंद वाटू लागली, तर ज्या ब्रीडरकडून सुरुवात केलीत त्याच्याकडूनच एखादा नर आणा.

यासाठी कोणतं पिल्लू कोणाचं हे कळायला हवं. पिल्लू इन्क्युबेटरमधून काढतानाच बोटांमधल्या पातळ पडद्याला छोटं छिद्र पाडायचं, त्याचा पंच मिळतो. दोन पायांत मिळून असे चार पडदे असतात, त्यांच्यातून सोळा वेगळ्या खुणा होतात. छिद्र आरपार आणि स्वच्छ पडलं पाहिजे, नाहीतर ते भरून येतं. उबवताना प्रत्येक कुळाची अंडी जाळीच्या वेगळ्या टोपलीत ठेवा.

माझा एक नियम पाळायचा असेल तर हा पाळा: पैदाशीचा नर शक्यतो दोन वर्षांहून मोठ्या, अजूनही नेमाने अंडी देणाऱ्या आईचा घ्या. देखण्या तलंगेचं आयुष्य कसं जाईल ते अजून कोणाला माहीत नसतं. तिसऱ्या वर्षी पीसगळ आटोपून पुन्हा अंड्यावर आलेली कोंबडी स्वतःचा दाखला स्वतः देते.

खाद्याबद्दल थोडक्यात. पिल्लांना पहिल्या आठवड्यात 35 अंशांची ऊब, पुढे दर आठवड्याला साधारण तीन अंश कमी. खाद्यात 20 टक्क्यांच्या आसपास प्रथिनं, वाढीच्या काळातही 18च्या खाली जाऊ देऊ नका, मोठ्या सांगाड्याला ती लागतात. अंड्यांवरच्या कोंबडीचं कॅल्शियम जास्त असलेलं खाद्य नरांना आणि वाढत्या पिल्लांना नको. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, ज्या कोंबडीला हवा ती खाते. बसायचे दांडे रुंद आणि जमिनीपासून फार तर दोन फुटांवर. हे पक्षी जड असतात, उंचावरून उड्या मारून तळपायाला गाठी होतात आणि मग शो राहतो बाजूला.

शोची तयारी सहा आठवडे आधी सुरू करा. नर एकमेकांपासून वेगळे, नाहीतर मानेची पिसं आणि तुरे फाटतात. शोसारखा पिंजरा घरात मांडा, त्यात पक्ष्याला रोज थोडा वेळ ठेवा, काडीने हळूच छातीखाली टेकवून नीट उभं राहायला शिकवा, दाण्याचं बक्षीस द्या. पिंजऱ्यातून काढताना आणि आत सोडताना दोन्ही वेळा डोकं पुढे, म्हणजे पंख अडकत नाही. मुलीला शोमॅनशिपमध्ये, म्हणजे पक्षी हाताळून दाखवायच्या स्पर्धेत, याच गोष्टींचे गुण मिळतात. उवा आणि माइट यांच्यासाठी शेपटीखालची पिसं बाजूला करून तपासा, औषध शोच्या आदल्या आठवड्यात नाही, महिनाभर आधी आणि पुन्हा दहा दिवसांनी.

शोच्या तीन-चार दिवस आधी धुवायचं. तीन टब: पहिल्यात कोमट पाणी आणि सौम्य साबण, दुसऱ्यात साधं पाणी, तिसऱ्यात पाण्यात थोडं व्हिनेगर, म्हणजे साबणाचा अंश निघतो आणि चमक येते. पिसं चोळायची नाहीत, हात वरून खाली पिसांच्या दिशेने. नंतर उबदार जागेत पूर्ण वाळू द्या. त्यानंतर पक्षी स्वतः चोचीने शेपटीजवळच्या ग्रंथीतलं तेल पिसांवर पसरवतो, त्यासाठीच ते मधले दिवस लागतात. पाय जुन्या टूथब्रशने घासा, खवल्यांखालची माती लाकडी काडीने काढा, चोच आणि नखं थोडी कापा. त्या दिवशी सकाळी तुरा, चेहरा आणि पाय यांना तेलाचा पुसट हात. जास्त लावलंत तर पिसांवर उतरतं आणि पिंजऱ्यातला सगळा भुसा चिकटतो.

कागदपत्रं आधी बघा. अमेरिकेत 1935 पासून नॅशनल पोल्ट्री इम्प्रूव्हमेंट प्लॅन हा कोंबड्यांच्या रोगतपासणीचा कार्यक्रम चालतो. पुलोरम-टायफॉइड या कोंबड्यांच्या संसर्गजन्य रोगांची तपासणी झाल्याचा दाखला बहुतेक शो मागतात, आणि राज्याची सीमा ओलांडताना तर लागतोच. तुमच्या राज्याच्या कृषी खात्याला फोन केलात तर तपासणीची माहिती मिळेल. 2022 पासून बर्ड फ्लूमुळे अनेक राज्यांनी अधूनमधून शो बंद केलेले आहेत, म्हणून प्रवेश फी भरली तरी निघण्याआधी पुन्हा चौकशी करा. परत आल्यावर शोचे पक्षी निदान दोन आठवडे वेगळे ठेवा, नवीन विकत आणलेले असतील तर महिनाभर. बूट आणि कपडे बदलल्याशिवाय मूळ कळपात जाऊ नका. आळस येतो, मान्य आहे, पण एका आजारी पक्ष्यापायी वर्षांची लाईन जाते.

शोमध्ये वर्षावरचा नर, वर्षावरची मादी, तरुण नर आणि तलंग असे चार गट असतात. त्यांतला उत्तम पक्षी आधी वाणात, मग जातीत, मग अमेरिकन क्लासमध्ये पुढे जातो. परीक्षण चालू असताना पिंजऱ्याजवळ घुटमळू नका, हा पक्षी आमचा असं सूचित होईल असं काही बोलू नका. सगळं संपल्यावर परीक्षकांकडे जा आणि 'कितवा नंबर' यापेक्षा 'पुढच्या वर्षी यात काय सुधारू' असं मुलीला विचारू द्या. ते दोन वाक्यं बोलतील, ती कूप टॅगच्या मागे लिहून घ्या. घरी प्रत्येक पक्ष्याच्या नोंदीत ती चिकटवा.

घरच्या प्रॉडक्शन रेड खुशाल ठेवा. त्या गरिबांनी काहीच वाईट केलेलं नाही आणि उन्हाळाभर तुमच्या घराला अंडी पुरवतील. फक्त त्यांचं खुराडं वेगळं असू द्या. ट्रायोचा कोंबडा त्यांच्यात सोडू नका, आणि ट्रायोच्या माद्या त्यांच्याबरोबर चरायला गेल्या तर तिथे दुसरा नर नाही ना ते बघा. दोन्हीकडची अंडी तपकिरी असल्यामुळे टोपलीत एकदा मिसळली की ओळखू येत नाहीत. गोळा करतानाच पैदाशीच्या अंड्यांवर साध्या शिसपेन्सिलीने तारीख आणि कुळाचा रंग लिहायचं काम मुलीकडे द्या. मार्कर नको, त्याची शाई कवचातून आत झिरपते.